पडद्यावरची गंगा

मी सेलूत राहते आणि कॉम्प्युटरवर होड्या बनवते, असं सांगितलं की माणसं आधी माझ्याकडे बघतात आणि मग नवऱ्याकडे. सासूबाई तर अजून विचारतात, "कापसाच्या गावात होड्या कुणाला लागायल्यात गं?"

कोकणातले एक निवृत्त बोटमास्तर बोट चालवायला शिकवतात. त्यांच्याकडे सिम्युलेटर आहे. समोर तीन पडदे, हातात खरं स्टिअरिंग, शेजारी वेगाचा दांडा. शिकणारा खोलीतच बसतो, पण पडद्यावर पाणी हलतं, बोट कलते, अंदाज चुकला तर धक्क्यावर आदळते. त्या पडद्यांवरच्या बोटी आणि किनारे मी बनवायचे. लग्नाआधी पुण्यात गेम बनवणाऱ्यांकडे हेच काम शिकले होते. मच्छीमारांच्या होड्या झाल्या, प्रवासी लाँच झाली, दीपगृह आणि माडांची रांग झाली. तोवर मी स्वतः एकदाही बोटीत बसले नव्हते. त्या बोटमास्तरांना, म्हणजे सरांनाही, पाहिलं नव्हतं. ओळख होती ती फोनवरच्या आवाजाची.

एके दिवशी ते म्हणाले, "आता तुमची नदी करा. पाथरीकडची गोदावरी. काठ कुठे बसका आहे, पूल कुठे बुडतो, ट्रॅक्टर नदीत कुठून उतरतात, सगळं नेमकं हवं."

"ट्रॅक्टर कशाला, सर?"

"शिकवायला लागतं," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

माझ्या मनात पाल चुकचुकली. आमच्याकडे ट्रॅक्टर नदीत कुठून उतरतो हे विचारणारा माणूस देखावे बघत नसतो, त्याला वाळू हवी असते. दीपगृहाच्या रंगाबद्दल अवाक्षर न काढणारे सर आमच्याच नदीचं इतकं खोदून का विचारत होते? नवरा हसला. "तुला दूधवाल्याचाबी शक येतो," म्हणाला. ते खरंच आहे. तरी रविवारी तोच मोटारसायकल काढून मला नदीकाठच्या एका गावी घेऊन गेला.

मी पुलाचे फोटो घेतले, देवळाच्या पायऱ्यांचे घेतले. उसाच्या कडेनं खाली जाणारी ट्रॅक्टरची वाट दिसली, तिचेही घेतले. एवढ्यात शेळ्या चारणारी एक मावशी काठी टेकत समोर येऊन उभी राहिली.

"काय मोजायलाव गंगेत?" आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात.

"मोजत नाही मावशी, फोटो काढतोय."

"कुणाचे माणसं तुमी? वाळूवाल्याचे का सरकारचे?"

बघता बघता पाचसात जण जमले. एकानं मोटारसायकलची किल्लीच काढून घेतली. मी बोट शिकवायच्या यंत्राचं सांगू लागले, तसा त्यांचा संशय आणखी वाढला. मला त्यांचा राग येईना, कारण त्यांच्या जागी मी असते तर मीही किल्ली काढली असती. शेवटी देवळाच्या ओट्यावर लॅपटॉप उघडला. नकाशावरून केलेली कच्ची नदी त्यात होती. आपला पूल, आपलं देऊळ ओळखून माणसं पुढं सरकली.

"ह्याच्यात पूर आणता येतो का?" मावशीनं विचारलं.

येत होता. मी पाणी वाढवत नेलं. पायऱ्या गेल्या, ऊस गेला, पूल गेला. मागच्या पुरात हे गाव चहूबाजूंनी तुटलं होतं, हे मला नंतर कळलं.

"बंद कर," मावशी म्हणाली. "हे कुणाच्याबी हातात पडलं म्हंजे?"

मलाही तेच वाटत होतं. त्यांनी ट्रॅक्टरच्या वाटेचे फोटो माझ्याकडून पुसून घेतले आणि मगच किल्ली दिली.

घरी येऊन मी सरांना स्पष्ट सांगितलं, "ती वाट कशाला हवी ते कळल्याशिवाय मी देणार नाही. आणि गावही देणार नाही." ते म्हणाले, "मीच येतो."

ते रेल्वेनं आले. बारीक चणीचे, कानानं थोडे कमी. फोनवर तुटक का बोलत, ते तेव्हा लक्षात आलं. आम्ही त्यांना त्याच ओट्यावर नेऊन बसवलं. सर म्हणाले, "माझ्याकडे आता बचावपथकं शिकायला येतात. पुरात बोट घेऊन येणारा माणूस परगावचा असतो. पाण्याखाली पुलाचा कठडा कुठे आहे, विहीर कुठे आहे, त्याला काय ठाऊक? आणि बोट काठाला लावायची तर उतार लागतो. तुमच्या गावाला तेवढा एकच उतार आहे. ट्रॅक्टरचा."

"मग आदी का न्हाई सांगितलं?" मावशीनं विचारलं.

"कुणी विचारलं की मला वाटतं, माझ्या कामावर शंका घेतायत," सर म्हणाले. मी नवऱ्याकडे बघितलं नाही.

गावकरी बाजूला जाऊन बराच वेळ कुजबुजले. परत आले ते अट घेऊनच. नदी द्यायची, पण आधी गावातल्या माणसांना शिकवायचं, आणि ते यंत्र गावात आणून. सरांनी मान्य केलं. तरी एकानं हळूच मला विचारलं, "बुढा खरं बोलायलाय ना?" मी म्हणाले, "वाटतं तरी तसंच."

मी उतार बनवला, बुडालेला कठडा बनवला, गढूळ पाण्यातली रबराची बचावबोटही बनवली. शाळेच्या खोलीत पडदे लागले. पहिल्या दिवशी लाइफ जॅकेट घालून सगळ्यांत पुढं मावशीच बसली. बोट तिनं पुलावर घातली, मग उसात. खोलीभर हशा झाला, ती मात्र हसली नाही. उताराकडे वळायचं सोडून ती गावाच्या दिशेनं बोट नेत राहिली आणि एकाएकी थांबली.

"माझं घर कुठाय हितं?"

नदीवरून दिसत नसलेली घरं मी केलीच नव्हती. पुढच्या वेळी करते, म्हणाले. तिनं वेगाचा दांडा सोडला आणि मला जवळ बोलावलं.

"घर टाक," ती हळू आवाजात म्हणाली, "पण दार कुन्या अंगाला हाय ते दावू नको. चोराच्या हातात पडलं म्हंजे?"

मी तसंच केलं. सरांनी विचारलं, या एका घराला दार का नाही. मी त्यांना सांगितलं नाही.