जुन्या मोंढ्यातला तिसरा खांब

परभणीच्या जुन्या मोंढ्यातली, म्हणजे तिथल्या धान्य-कापसाच्या बाजारपेठेतली, ती दुपार मी अजून विसरलेलो नाही.

मोंढ्यात भर बाजारात कापसाच्या सौद्यांची एक दगडी इमारत आहे, निजामाच्या अमलातली. आत प्रशस्त दालन आणि जाड खांब. एके काळी तिथे व्यापारी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवत. पुढे बाजार हलला, सौदे थांबले. भाडेकरूंनी दालनात धान्य साठवायला सुरुवात केली आणि तूर-मूग निवडणाऱ्या बाया तिथे रोजाने बसू लागल्या.

मी तेव्हा तिथे फौजदार होतो; त्यांच्यातलीच एक बाई ठाण्यात आली. खुर्ची दिली तरी उभीच राहिली.

"साहेब, सांजच्याला कुलूप लावल्यावर आतून छन्नीचा आवाज येतोय. कुणीतरी इमारत पोखरायलंय."

स्टेशन डायरीला नोंद करून मी दोन शिपायांसह गेलो. भिंतींना तडे होते, पण जुन्या इमारतीला ते असायचेच. खांबांभोवती पोत्यांच्या थप्प्या. हाती काही लागले नाही. कुलपाची चावी इमारतीच्या मालकाकडे असे, म्हणून त्याला चौकशीला बोलावले. आजोबांपासून आडत चालवणारे घर. सगळी उत्तरे पाठ केल्यासारखी.

"लय जुनी इमारत हाय साहेब. आपोआपच पडायलीय."

खोटे बोलणारा माणूस खुर्चीत बसून बराच तग धरतो. जागेवर नेला की त्याचा धीर सुटतो. मी पंच बोलावले आणि त्याला घेऊन मोंढ्यात गेलो.

जेवणाची वेळ होती. बाया तिसऱ्या खांबाशी भाकरीची फडकी सोडून बसल्या होत्या. एकीने सहज हाक दिली, "या शेठ, दोन घास खावा."

मालक उंबऱ्यातच थबकला. चेहरा पांढराफटक.

"उठा! आधी उठा तिथून! तो खांब..."

आम्ही बायांना बाहेर काढले, मिस्त्रीकडून टेकू लावून घेतले आणि मग पोती हटवली. खांबाच्या तळाचे दगड मागच्या बाजूने काढून तिथे नुसती माती भरली होती.

मालकाने तिथेच कबुली दिली. "इमारत धोकादायक ठरली की भाडेकरू निघतील, जागा मोकळी होईल, एवढंच डोक्यात होतं. कुणाच्या जिवावर उठायचं नव्हतं, साहेब."

गुन्हा दाखल झाला. दोषारोपपत्रात मी बायांना उठवणारी त्याची ती आरोळीही लिहिली. एक सहकारी म्हणाला, "आरोपीची बाजू कशाला मांडता?" मी म्हणालो, "घडलं तेच लिहायलोय." शिक्षा झाली, पण ती आरोळी विचारात घेऊन न्यायालयाने ती कमी ठेवली. सुटून आल्यावर मालकाने भाडेकरूंना सोबत घेऊन इमारतीची डागडुजी केली.

परवा तिकडे गेलो होतो. ठाण्यात आलेली ती बाई आता बचत गटाची अध्यक्ष आहे, त्याच दालनात डाळ विकते. मला पाहून हसली. "साहेब, आता इथला भाव आमी ठरवायलाव."

माणसाविरुद्धचा पुरावा आपण जिवाचे रान करून शोधतो. त्याच्या बाजूचा सापडला, तर तोही तितक्याच ठळक अक्षरांत लिहावा. निवृत्त होईपर्यंत प्रत्येक नव्या फौजदाराला मी हेच सांगत आलो.