आफ्रिकेच्या इंजिनाला बिबवेवाडीची सीट

एका सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आमच्या सोफ्याच्या शेडचे मालक आप्पा यांनी शटर वर केलं आणि ओरडले, "सुनंदा, सोफे बंद! आता आपण रेल्वेचं इंजिन करायचं!"

म्हणजे इंजिनातली ड्रायव्हरची सीट. आपल्याकडं बनलेली डिझेल इंजिनं आफ्रिकेला जाणार आणि त्यांच्या सीट आमच्या बिबवेवाडीच्या शेडमध्ये बनणार. कव्हरं शिवायला मी. माझी दोन वर्षांची पिंकी मशीनपाशीच खेळते. आप्पांनी बजावलं, "ऑर्डर पास झाली तर पोरगी इथंच खेळेल. नापास झाली तर शेड बंद, तू घरी!"

तेव्हापासूनचे किस्से म्हणाल तर फोमच्या चुऱ्यासारखे, कितीही झाडा, साठतातच!

*

ऑर्डरचा ईमेल आप्पांनी सायबर कॅफेतून छापून आणला. त्यांचं इंग्रजी माझ्याइतकंच, सातवीपर्यंतचं. तिकडचे रूळ आपल्यापेक्षा अरुंद, एवढं कळलं. लगेच पहिली सीट वीतभर अरुंद!

"अहो आप्पा, रूळ अरुंद म्हणून माणसं अरुंद असतात का?"

"मग रूळ कशाला अरुंद केले त्यांनी?"

*

सीट वजन पेलते का बघायला मार्केट यार्डातून एक धिप्पाड हमाल आणला. बसला आणि झोपलाच! हलवलं, पाणी मारलं. शेवटी डोळे न उघडता म्हणाला, "पास हाय. जावा आता."

*

हादऱ्यांची टेस्ट मशीनवर करायची असते. आप्पा म्हणाले, "मशीन कशाला? पुण्याचे रस्ते आहेत ना!" सीट टेम्पोत बांधून कात्रजला जाऊन आले. सीट शाबूत. टेम्पोचा बंपर अजून सापडलेला नाही.

*

उन्हाच्या टेस्टला सीट गच्चीवर ठेवली, तर शेजारच्या काकूंनी तिच्यावर कुरडया वाळत घातल्या.

"अहो काकू, एक्सपोर्टची सीट आहे!"

"मग कुरडया काय इथल्या वाटल्या? अमेरिकेला चालल्यात, आमच्या सॉफ्टवेअरवाल्याकडे!"

*

काल तपासणीचे साहेब आले. एकेका सीटवर बसून बघत होते. शेवटच्या सीटवर बसले आणि खालून, "पींऽऽक!"

उठले. बसले. "पींऽऽक!"

पिंकीनं सीटकडे बोट दाखवलं. "माजं बदक!"

फोम भरताना पोरीचं रबरी बदक आत गेलेलं! मी पटकन पिंकीला उचलून मशीनमागं नेलं.

आप्पा मात्र शांत. "साहेब, ड्रायव्हरला डुलकी लागू नये म्हणून सोय केलीय. कलला की वाजतं."

साहेबांनी पुन्हा पुन्हा बसून पाहिलं. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "मग बाकीच्यांत का नाही? सगळ्यांत बसवा, तरच पास!"

तेव्हा बायांनो, तुळशीबागेत, जत्रेत, कुठंही पिवळं रबरी बदक दिसलं तर कळवा, आणखी चारजणींना सांगा. दाबून बघा मात्र. साहेबांना हाच आवाज हवाय!