पोचल्याचा निरोप

मी भोपाळ सोडलं त्या सकाळी आईनं माझ्या तळहातावर दही ठेवलं, मी ते चाटलं आणि सूटकेस उचलली. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी उभी होती. तेवढ्यात कामाला येणारी रामकली केरसुणी घेऊन दिवाणखान्यात शिरली, आणि आई डोळे पुसायचे सोडून तिच्यावर ओरडली, "अरी, रुक! अभी नहीं. पहले वो पहुँच तो जाए."

घरातलं माणूस प्रवासाला निघालं की त्याच्या पाठीवर केर काढायचा नाही, हे पुष्कळ घरांत पाळतात. थोडा वेळ थांबतात आणि मग झाडतात. आमच्या आईचा नियम कडक होता. पोचल्याचा निरोप येईपर्यंत केरसुणी भिंतीला टेकलेली राहायची. उज्जैनला जाणाऱ्यासाठी ते ठीक होतं. मी जपानला निघालो होतो. तिथं उतरल्यावर फोनची सोय व्हायला दोन-तीन दिवस गेले. शेवटी फोन लागला तेव्हा बाबा म्हणाले, "पोचलास ना? बरं झालं. धुळीत नांदतोय आम्ही. मी हिला म्हटलं, अगं, तो मंगळवाऱ्याच्या बाजारात भाजी आणायला नाही गेलेला. ऐकेल तर शपथ."

तो फोन मी ज्या स्टेशनवरून केला, त्याच स्टेशनवरून आजही रोज करतो. छोटं स्टेशन आहे. एकच फलाट, तिकिटाचं यंत्र, आणि लाकडी बाकावर कुणा आजीबाईंनी विणून ठेवलेल्या उशा. स्टेशनमास्तर नाही. कारखान्यातून सुटलो की गाडीनं इथं उतरायचं, रूळ ओलांडायचे, आणि पलीकडच्या थांब्यावर एका डब्याची ट्राम धरायची. गाडीला उशीर झाला तर ट्राम थांबते. पांढरे हातमोजे घातलेला चालक खिडकीतून मान काढून बघतो, शेवटचा माणूस आला का. मी सुरुवातीला धावायचो. मग कळलं की इथं धावावं लागत नाही.

बाबा गेले, आईचं वय झालं. भोपाळच्या अशोका गार्डन भागातल्या त्याच घरात माझी धाकटी बहीण शुभा तिच्यासोबत राहते. एम. पी. नगरात शिकवणीच्या वर्गात गणित शिकवते, आणि उरलेल्या वेळात आईला सांभाळते. रामकलीनं काम सोडल्याला कितीतरी वर्षं झाली, घरही शुभाच बघते. गेल्या वर्षापासून आईचं विसरणं वाढलं. मी ट्रामच्या थांब्यावरून फोन करतो तेव्हा इथं संध्याकाळ असते, तिथं दुपार. मागं रेल्वेच्या फाटकाची घंटा वाजत असते. आमच्या गल्लीपलीकडच्या जुन्या फाटकाची घंटा थेट अशीच वाजायची. ते फाटक कधीच बंद झालं, वर पूल आला, पण आईच्या कानात ते अजून आहे. एक दिवस ती म्हणाली, "फाटकाशी आलास का रे? घंटा ऐकू येतेय. मग ये की. भात टाकते."

मी म्हटलं, "हो आई, येतोच."

काय बिघडलं, असं वाटलं मला. तिला बरं वाटलं, मलाही. दुसऱ्या दिवशी तिनं तेच विचारलं, मी तेच सांगितलं. मग ते रोजचंच झालं. "येतोच" म्हणायचं, फोन ठेवायचा, ट्राममध्ये बसायचं.

एका रविवारी शुभाचा फोन आला. ती एरवी आईची औषधं, डॉक्टर एवढंच बोलते. त्या दिवशी तिनं थेट विचारलं, "दादा, आपल्या घरात आई केर काढू देत नाही, माहीत आहे तुला?"

"म्हणजे?"

"म्हणजे तू वाटेत असतोस ना रोज! तुझा फोन झाला की ती उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसते. अंधार पडला तरी उठत नाही. भात गार होतो. केरसुणी तिनं पलंगाखाली लपवलीय. ती अंघोळीला गेली की मी चोरून झाडते. काल तिनं पकडलं. माझा हात धरून रडायला लागली. म्हणाली, भाऊ वाटेत आहे आणि तू केर काढतेस? एवढा का तो नकोसा झालाय तुला?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि हे ऐकवते मला," शुभा म्हणाली. "तुला नाही. तू तर येतोच आहेस."

"मग मी काय सांगू तिला?"

"खरं सांग ना यार. मला माझं घर झाडायचंय."

खरं काय, ते मी शुभालाही कधी सांगितलं नव्हतं. तुम्ही जे मागं राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून आलात, तुम्हां दोघांनाही आज सांगतो. मी परत येणार नाही. नोकरी, मुलीची शाळा, ही कारणं मी वर्षानुवर्षं पुढं केली, ती सगळी खोटी नाहीत, पण ती कारणंही नव्हेत. मला इथं बरं वाटतं. मुलगी झोपेत जपानी बोलते तेव्हा मला परकं वाटत नाही. ही शांतता, तो वाट पाहणारा चालक, कुणी काही न विचारणं, हे मला आवडतं. फोनवर मात्र मी आवाज जरा खाली आणतो, आठवणीनं व्याकूळ झाल्यासारखा. भोपाळची आठवण येत नाही असं नाही. पण जेवढी येते त्याहून जास्त दाखवत आलो, कारण बरं वाटतंय हे सांगणं म्हणजे आईला सोडलं हे कबूल करणं. म्हणून मी तिला वाटेतच ठेवलं. मी वाटेत नव्हतोच.

सोमवारी ट्राम आली. चालकानं माझ्याकडं पाहिलं. मी हातानं खूण केली, जा. त्यानं मान लववली आणि तो गेला. मी रूळ ओलांडून परत स्टेशनात आलो आणि विणलेल्या उशीवर बसून फोन लावला.

"फाटकाशी आलास?" आईनं विचारलं.

"नाही आई. मी पोचलो."

"कुठं?"

"घरी. इथं जपानात. माझं घर इथं आहे, आई."

ती गप्प झाली. मागं शुभाची चाहूलही नव्हती. मला वाटलं, फोन कटला.

"म्हणजे जेवायला नाही येणार?"

"नाही."

मग तिचा आवाज आला, जुना, करकरीत, बाबांशी बोलायची तसा. "मग आधी नाही सांगायचं? सगळ्या घरभर धूळ झालीय!" आणि फोन हातातच धरून तिनं हाक मारली, "रामकली, वो पहुँच गया. झाड़ू लगा दे."

दुसऱ्या दिवशी तिला त्यातलं काही आठवत नव्हतं. फाटकाची घंटा वाजली, तिनं तेच विचारलं. मी तेच सांगितलं, पोचलो म्हणून. आता रोज सांगतो. रोज ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी गप्प होते. माझं भोपाळ आता तेवढंच उरलंय, तिच्या त्या गप्प होण्याएवढं, आणि त्यातून मला सुटका नाही, असावी असं वाटतही नाही. मग फरशीवर शुभाच्या केरसुणीचा आवाज सुरू होतो. तो थोडा वेळ ऐकतो. चालक थांबलेला असतो. मी चढतो.