एकच लिफाफा

दुसऱ्यांच्या भानगडीत नाक खुपसायची मला पहिल्यापासून खोड. आई म्हणायची, "हिचं हे नाक हिला कुठं नेऊन घालणार आहे, देव जाणे." नव्वदच्या दशकात त्या नाकानं मला साताऱ्याच्या सरकारी कचेऱ्यांच्या व्हरांड्यांत नेऊन घातलं.

सांगलीत मी टायपिंगच्या क्लासात शिकवायची. एका पाइपवाल्या दुकानदाराचं निविदेचं पत्र टाइप करता करता सहज विचारलं, "ही कामं निघालीत हे तुम्हाला कळतं तरी कसं?" तो म्हणाला, "हे एक नशिबानं कळलं. एरवी कळतच नाही हो. कळतं तेव्हा मुदत उलटलेली असते." झालं, माझं डोकं तिथंच अडकलं. घेणाऱ्याला माल हवाय, विकणारा इथं माशा मारत बसलाय, आणि दोघांची गाठ पडत नाही. मधे कोण आडवं येतंय, हे बघितल्याशिवाय मला घास गोड लागेना.

मग मी वर्तमानपत्रं मागून वाचायला लागले. काही नोटिसा तर अशा साप्ताहिकांत यायच्या, की तो अंक संपादकाच्या घरच्यांशिवाय कुणी उघडला नसावा. मंगळवारी क्लासला सुट्टी असायची. त्या दिवशी एसटीनं साताऱ्याला जायचं आणि कचेऱ्यांचे फळे वाचत फिरायचं. सातारा जिल्ह्यातल्याच खंडाळ्याकडं नवे कारखाने उभे राहत होते. तिथं फळाबिळा काही नसायचा. फाटकासमोरच्या चहावाल्याला विचारायचं, कॅन्टीनचा ठेका कधी संपतोय, कामगारांचे गणवेश कोण शिवतंय. चहावाल्याला मालकाच्या आधी ठाऊक असायचं. हे सगळं एका कागदावर टाइप करून, झेरॉक्स काढून मी दर आठवड्याला वर्गणीदारांना पाठवू लागले. नवरा म्हणायचा, "पोलिसात गेली असतीस तर बढतीवर बढती मिळाली असती." मी म्हणायची, "पोलिसांना एवढं फिरायला कुठं जमतंय?"

माझे वर्गणीदार मूठभर होते, त्यात माधवनगरचे माझे सख्खे मामा. मामांचे यंत्रमाग होते आणि त्या वर्षी ते गपगार पडले होते, कारण ऑर्डरच नव्हती. मी गेले तेव्हा बंद मागाला तेल घालत मामा म्हणाले, "दसऱ्याला ह्यांची पूजा करतो, आन् दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला बोलावतो. लय झालं आता." मामांना दुसरं काही येत नव्हतं हो. ते जन्मभर विणतच आले होते.

शिराळ्याच्या नागपंचमीची गर्दी ओसरली आणि पुढच्या मंगळवारी मी साताऱ्याच्या एका सरकारी दवाखान्याच्या कचेरीत शिरले. फळा कोरा होता. पण भिंतीवर, उघड्या दाराच्या मागं, कागदाचा एक कोपरा फडफडताना दिसला. मी दार लोटलं. शिपाई ओरडला, "आवं बाई, दार का लावताय? उजेड जातोय न्हवं!" दाराआड नोटीस होती. खाटांवरच्या चादरी आणि पट्ट्यांचं कापड पुरवायचं होतं. कचेरी चालू असेपर्यंत दार उघडं आणि नोटीस दाराआड. मग ती वाचणार कोण, पाल? हे मुद्दाम होतं की आळस, ते मला आजवर कळलेलं नाही.

कागद नेहमीसारखाच सगळ्यांना गेला. मामांच्या गल्लीतले दोन मागवालेही माझे वर्गणीदार होते. मामा माझे म्हणून त्यांना एकट्यालाच सांगावं, असं मनात येऊन गेलं. पण वर्गणी घेतली होती, मग बातमी लपवायची कशी?

निविदा उघडायच्या दिवशी मी मामांबरोबर गेले. साहेबांनी पेटी उघडली, हात घातला आणि एकच लिफाफा बाहेर काढला. तो मामांचा.

"एकच आलीय," साहेब म्हणाले. "एकट्याची निविदा पहिल्या खेपेला आम्ही उघडत नाही. दर कशाशी ताडून बघणार? आता फेरनिविदा."

"साहेब, एक तर एक. दर तरी बघा," मामा म्हणाले.

"नियमात बसत नाही."

परतीच्या एसटीत मामा खिडकीबाहेर बघत बसले. माझं डोकं मात्र भणभणत होतं. कागद गल्लीतल्या तिघा मागवाल्यांना गेला, मग लिफाफा एकच कसा? माधवनगरला उतरल्या उतरल्या मी शेजारच्या मागवाल्याचं दार वाजवलं. तो मामांपेक्षा पुष्कळ लहान, त्यांना अण्णा म्हणायचा.

"आवं ताई, अण्णांचे माग बंद पडल्यात. आमी कसं आडवं जायाचं?" तो म्हणाला. "गल्लीत ठरलं, ह्ये काम अण्णांचं. आमी दोघांनी फॉर्मच आणला न्हाई."

मी तिथंच भडकले. "अहो, तुमच्या मोठ्या मनानंच त्यांचं काम घालवलं! शर्यतीत दुसरं कुणी नसलं तर सरकार शर्यतच धरत नाही. हे मला तरी विचारायचंत!"

तो गोरामोरा झाला. "म्हंजे चांगुलपणाच नडला व्हय?" मग डोकं खाजवत म्हणाला, "मग पुढच्या टायमाला आमी नुसते चढे दर लावून लिफाफे टाकतो. अण्णांना सोबत."

मामा मागं येऊन उभे होते, ते आम्हाला कळलंच नव्हतं. "आसलं न्हाई चालायचं," ते म्हणाले. "खोटा लिफाफा टाकशील तर माझ्या दारात येऊ नगंस. खरा दर लाव. हारलो तर हारलो."

फेरनिविदा दसऱ्याच्या तोंडावर उघडली. तीन लिफाफे, तीन खरे दर. सगळ्यात कमी दर निघाला त्या शेजाऱ्याचा, मामांचा त्याच्या जरासा वर. मला स्वतःचाच राग आला. मीच बातमी शोधली, मीच वाटली, मीच भांडून सगळ्यांना भरायला लावलं, आणि मामांचे माग भंगारात घातले.

कचेरीच्या पायरीवर शेजारी मान खाली घालून उभा होता. काम जिंकलेला माणूस एवढा रडवेला मी पुन्हा पाहिला नाही. मामा त्याच्यापाशी गेले.

"एवढ्या चादरी तुझ्या मागांवर मुदतीत निघतील का रं?"

"न्हाई निघायच्या, अण्णा."

"मग मला विचार की."

"तुमास्नी? मजुरीवर? आवं, मी कुठल्या तोंडानं विचारू? तुमी मोठे."

मामांनी जन्मात कुणाचं कापड मजुरीवर विणलेलं नव्हतं. त्यांनी टोपी काढली, घाम पुसला, पुन्हा घातली.

"विचार गड्या," ते म्हणाले. "मी व्हय म्हणतो."