सांडग्यांच्या प्लॅस्टिकवरची धूळ

ये गं वासंती, अशी जवळ सरक. बंगळुरातल्या बंगळुरात, कोरमंगला ते बसवनगुडी म्हणजे काय विलायत आहे? फोनवर नुसतं “काकू, मंडळाच्या मासिकाला अनुभव लिहून द्या”, आणि वर्षभर तोंड दाखवायचं नाही! बरं, आता आलीच आहेस तर तूच लिहून घे. पण आधीच सांगते, शकुन-अपशकुन मी कधी मानले नाहीत. मांजर आडवं गेलं तर त्याला दूध घालणारी बाई मी.

तुझ्या काकांची नोकरी उपग्रहाच्या चित्रांची. अरबस्तानातली धूळ समुद्रावरून कुठवर येते, ते बघत बसायचे. त्या चित्रांचे वाया गेलेले मोठाले कागद घरी आणायचे. ते गच्चीत अंथरून, वर पारदर्शक प्लॅस्टिक टाकून मी कोहळ्याचे सांडगे घालायची.

चार वर्षांपूर्वीचा चैत्र. आमचा शिरू तेव्हा ओमानात, रस्त्याच्या कामावर. दुपारी सांडगे उलटायला गेले, तर प्लॅस्टिकवर पिवळसर धूळ... वारा अजिबात नव्हता. सांडगे स्वच्छ, शेजारची चादर स्वच्छ. धूळ फक्त एका पट्ट्यात – खालच्या चित्रात किनाऱ्याची रेघ होती, तिच्या आत जमिनीवर सुरू होऊन जिभेसारखी समुद्रात गेलेली. आणि सुरुवात कुठे? जिथे शिरूचा कॅम्प म्हणून ह्यांनीच पेनाने फुली मारली होती, तिथे!

ह्यांना वर बोलावलं.

“आता सांडग्यांवरून हवामान सांगणार का तू?” हे हसले. “अगं, आजच्या चित्रात समुद्र स्वच्छ आहे.”

“आणि वाळवंटावर?”

“तिथली धूळ दिसत नाही. खालीही तोच रंग. समुद्रावर आली की मगच कळते.” एवढं बोलले आणि त्या फुलीकडे वाकून बघायला लागले.

शिरू तेव्हा तिथल्या शहरात आला होता, दुसऱ्या दिवशी पहाटे जीपने परत कॅम्पवर निघणार होता. मी तशीच चपला घालून कोपऱ्यावरच्या फोन बूथवर गेले. “स्वल्प थांबा अक्का, लाइन नाही,” बूथवाला म्हणत राहिला. तासाभराने लागली. शिरूला धुळीचं सगळं सांगितलं.

“आई, इथे आकाश निळंशार आहे गं!”

“माझी शपथ आहे. उद्या जायचं नाही.”

“साहेबाला काय सांगू? आईचे सांडगे बिघडले?”

“पोट बिघडलं म्हण.”

चिडला, पण राहिला. जीप त्याच्याशिवाय गेली. दुपारी वादळ उठलं... जीप वाळूत रुतली, आतले दोघे तिसऱ्या दिवशी सापडले. जिवंत, पण पाण्याचा थेंब नव्हता जवळ. मागच्या सीटवर, शिरूच्या नेहमीच्या जागेवर, काचा फुटून गुडघाभर वाळू.

तीन दिवसांनी ह्यांनी ऑफिसातून नवं चित्र आणलं. प्लॅस्टिकखाली सरकवलं. समुद्रावर धुळीची जीभ... माझ्या धुळीच्या कडेला कड जुळलेली!

“योगायोग,” हे म्हणाले. पण त्यानंतर एकही कागद घरी आणला नाही.

धूळ कुठून आली, आधी कशी आली – ह्यांना सांगता येत नाही, मला तर नाहीच. ते प्लॅस्टिक मी पुसून, फुलीच्या कागदासकट गुंडाळून माळ्यावर ठेवलंय.

शिरू पुढच्या मंगळवारी पुन्हा तिकडे निघालाय. वासंती, सोमवारी मी ते प्लॅस्टिक गच्चीत अंथरणार आहे. पुन्हा धूळ पडते का, ते एकटीने बघायची छाती होत नाही गं... तू ये. रविवारीच राहायला ये.