धापूबाईंची फुंकर

धापूबाईंनी उभ्या आयुष्यात कशावर फुंकर घातली नव्हती. ऐकून कुणी हसेल, पण पेठ गावात लग्न होऊन आल्या त्याच वर्षी चातुर्मासाला आलेल्या जैन साध्वींकडून त्यांनी नियम घेतला होता. हवेतही जीव असतात, तोंडच्या वाऱ्याने ते मरतात, तेव्हा फुंकायचं नाही. नियम घेणारे पुष्कळ असतात, पाळणारे थोडे. धापूबाई त्या थोड्यांतल्या. मुलगा कल्पेश लहान असताना त्याचं दूध गरम असलं तर दोन पेल्यांत वरखाली करायच्या. चुलीत ओलं लाकूड धुमसत राहिलं तरी फुंकणीला हात लावला नाही. पेटेल तेव्हा पेटेल म्हणून डोळे पुसत बसून राहायच्या. तो धूर इतकी वर्षं कुठे साठत होता, ते पासष्टी उलटल्यावर कळलं.

जिना चढताना दम लागायला लागला तेव्हा कल्पेशने त्यांना मंचरला डॉक्टरांकडे नेलं. तिथे मोठ्या मशीनपुढे एक मुलगी ओरडत होती, "जोरात आजी, अजून जोरात." धापूबाई घाबरल्या आणि त्या भीतीपोटी होता नव्हता तेवढा जोर लावून फुंकून बसल्या. संध्याकाळी प्रतिक्रमणात, दिवसभराच्या चुका आठवताना, त्याची माफीही मागितली. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसांचा हा जुना आजार धुराने झालाय, पुरता बरा व्हायचा नाही, पण ताब्यात ठेवता येईल. मग त्यांनी घरी ठेवायला मुठीत मावेल असं एक यंत्र दिलं. रोज सकाळी त्यात फुंकायचं, आकडा पुण्यात कल्पेशच्या मोबाइलवर जाणार. हिरवा आला तर ठीक, पिवळा आला तर जपून, लाल आला तर धोका.

सकाळची सामायिक, म्हणजे घडीभराचं ध्यान, झाली की धापूबाई तोंडावर बांधलेली कापडी मुहपत्ती सोडायच्या, यंत्राची नळी ओठांत धरायच्या आणि निजलेलं तान्हं जागं होऊ नये इतक्या हळू श्वास सोडायच्या. मोठ्या मशीनला जोर लागत असेल, या एवढ्याशाला कशाला? तापाची नळी नुसती तोंडात धरली की ताप कळतो, तसा याला दम कळत असणार. बाई तशी हुशार, नवरा घेवरचंद गेल्यावर दुकान एकटीने चालवलेली. पण इथे तिचीही गफलत झाली.

आकडा रोज लाल. डॉक्टरांनी औषध वाढवलं, तरी लालच. शेवटी ते म्हणाले, यांना आता एकटं ठेवू नका. कल्पेशने फोन केला, "बाई, रविवारी गाडी घेऊन येतो. कपडे भरून ठेव."

आईला तो लहानपणापासून बाईच म्हणायचा. बाईने कपडे भरले, पण मन भरेना. इथे चार घरांपलीकडे साध्वी उतरायच्या ते स्थानक होतं, समोरच्या घरात शेजारीण अंजना होती. तिथे लिफ्टचा फ्लॅट, दिवसभर सगळे कामावर. पोराच्या घरात आपण जन्माच्या पाहुण्या होणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं आणि त्याचं दुःख दमापेक्षा मोठं होतं.

रविवारी अंजना मेथीची जुडी घेऊन निरोप द्यायला आली. निघण्याआधी एकदा आकडा बघू, असं कल्पेश म्हणाला. धापूबाईंनी नळी धरली, श्वास सोडला. लाल.

"वैनी, ह्ये काय फुकणं झालं?" अंजना म्हणाली. "यानं परातीतलं पीठ बी हालायचं न्हाई."

कल्पेश आईकडे बघतच राहिला. "बाई, रोज असंच फुंकतेस? अगं, हे जोरच मोजतं. पुरतं फुंकलं नाहीस तर त्याला काय कळणार?"

धापूबाईंनी नळी पुसून खाली ठेवली. कल्पेशला नियम ठाऊक होता. तो हळू आवाजात म्हणाला, "नको वाटत असेल तर राहू दे. आपण पुण्याला जाऊ."

मांडीवर मुहपत्ती होती. तिची घडी त्या उलगडत होत्या, पुन्हा घालत होत्या. एकीकडे जन्मभर सांभाळलेला नियम, दुसरीकडे हे घर. आणि सगळा जोर लावूनही लालच आलं तर? त्याचीच भीती जास्त होती. माफी मागायची तर वाट माहीत होती, पण छातीत काही उरलंच नसलं तर त्याला वाट नव्हती.

त्यांनी समोरच्या रिकाम्या हवेला हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम्," म्हणाल्या आणि त्यांनी छाती भरून फुंकलं. खोकल्याची उबळ आली, डोळ्यांतून चुलीपुढे यायचं तसं पाणी आलं. अंजना पाठ चोळत राहिली. यंत्रावर पिवळा आकडा होता.

दम घेऊन त्यांनी आणखी दोनदा फुंकलं, दोन्ही वेळा आधी हात जोडून. पिवळाच. कल्पेशने डॉक्टरांना फोन लावून सगळं सांगितलं. ते म्हणाले, मंचरला जो आकडा आला होता त्याच्या जवळचाच आहे हा. आधीचे आकडे धरू नका. राहू द्या घरी, या आठवड्यात दाखवून जा, आणि रोज असंच फुंकायला सांगा.

कल्पेशने गाडीतून बॅग परत आणली. ती खाली ठेवताना म्हणाला, "बाई, एवढा जोर होता तुझ्यात?"

"व्हता की," धापूबाई मेथीची जुडी सोडत म्हणाल्या. "कुणावर काढायचा नव्हता."