‘दार लावून घ्या’

“पुन्हा गेलं! अरे तंद्र्या, पुन्हा गेलं बघ!”

“काय गेलं, ताई?”

“माझी अक्कल गेली, तुला बोलावलं तेव्हाच. इंटरनेट गेलं, दुसरं काय जाणार? एकच्या आत आराखडे पोचले नाहीत तर तो कारखानेवाला दुसरीकडून मागवेल. कापड पसरून बसलाय तिकडे.”

तंद्र्या टेबलाखाली होता. खाली आडवं पडून वर बघितलं की टेबलाच्या पोटाला चिकटलेल्या वायरी वेलींसारख्या दिसायच्या, आणि त्या दिसल्या की आपण इथं कशासाठी आलो ते तो विसरायचा. आत्ताही विसरला होता.

“झोपलास का?”

“नाही नाही. बघतोय.”

“तू बघतोसच. जन्मभर बघतोच आहेस.”

ताईचं ऑफिस म्हणजे एक लांबट खोली. खिडकीला दुधी काच, त्यामुळं आत सकाळ आहे की दुपार ते नीट कळायचं नाही. उजेड ताकासारखा पांढरट पसरलेला असायचा. शिवणकारखान्यांसाठी कापड बेतायचे आराखडे इथं काढायचे, बाह्या, कॉलरी, खिसे, सगळं कॉम्प्युटरवर. कामाला दोन मुली, एक चष्मेवाली, एक हसरी. आणि कोपऱ्यात कपाटाच्या आडोशाला खुर्ची टाकून बसलेले आबा, म्हणजे ताईचे आणि तंद्र्याचे वडील. त्यांना तिथं काम काही नव्हतं. पण घरी एकट्यानं भिंतींकडे बघत बसायचं तर माणसांत बसलेलं बरं, म्हणून ताई त्यांना रोज बरोबर आणायची.

आणायची खरी, पण गेल्या महिन्यात आबांनी पंखा आवाज करतो म्हणून उघडला. स्क्रू हरवू नयेत म्हणून चहाच्या कपात ठेवले. ताईनं तो कप मोरीत ओतला. त्या दिवशी ताईच्या तोंडाचा पट्टा जो सुटला तो संध्याकाळपर्यंत थांबला नाही. शेवटी म्हणाली, “आबा, आता इथल्या कशालाही हात लावलात तर दुसऱ्या दिवसापासून घरी बसायचं. मी चेष्टा करत नाही.” ताई बोलते ते करते, हे तिच्या बापाला ठाऊक नसणार तर कुणाला?

तंद्र्या हा तसा कामाचा गडी. ऑफिसं, दुकानं, दवाखाने, जिथं जिथं वायर आत शिरते तिथं त्याचं जाणंयेणं. ही सवय लहानपणची. आबा टेलिफोनच्या तारांवर कामाला होते. ते खांबावर चढले की पोरगं खाली खांबाला कान लावून उभं राहायचं. आत गुंऽऽ असा आवाज यायचा. त्याला वाटायचं, लांबलांबची माणसं एकाच वेळी तोंड मिटून बोलताहेत. आई शेळी आणायला पाठवायची, तो खांबाजवळ थांबायचा, आणि शेळी आपली आपण घरी यायची. मग आई शेळीला शाबासकी द्यायची आणि याला तंद्र्या म्हणायची. नाव चिकटलं ते चिकटलंच. त्याची बायको सुद्धा म्हणते, भिंतीतल्या सॉकेटाचं ऐकतो तेवढं माझं ऐकलं असतं तर संसार सोन्याचा झाला असता.

तर ताईच्या ऑफिसातला हा घोळ आठवडाभर चालू होता. चष्मेवालीचं इंटरनेट चाललं की हसरीचं बंद. राउटर बंद करून चालू केला की हसरीचं सुरू आणि चष्मेवालीचं बंद. तंद्र्या दोनदा येऊन गेला होता, आणि दोन्ही वेळा हेच करून, चाललं म्हणून निघून गेला होता. आता ताईनं हात टेकले होते. आज जमलं नाही तर उद्या एका कंपनीचा माणूस येणार होता.

तंद्र्यानं बाहेरून येणारी वायर सरळ स्वतःच्या लॅपटॉपला लावली. इंटरनेट धो धो आलं. म्हणजे बाहेर दुखणं नव्हतं. दुखणं घरातलंच होतं.

“हसरे, तुझ्या मशिनला पत्ता कोणता मिळालाय बघू.”

राउटर प्रत्येक मशिनला एक पत्ता देतो. चार आकड्यांचा असतो, पण असतो आपल्या घराच्या पत्त्यासारखाच. या ऑफिसचे सगळे पत्ते एकाच गल्लीतले हवेत. तंद्र्यानंच लावून दिले होते, तिसऱ्या जागी पाच. हसरीच्या पडद्यावर तिसऱ्या जागी शून्य होतं.

तंद्र्या त्या शून्याकडं बघत राहिला. त्याच्या डोळ्यांपुढं एक अख्खी गल्ली उभी राहिली, दुधी उजेडातली. मशिनं पिशव्या घेऊन कोपऱ्यावर उभी आहेत, पत्ता विचारताहेत. सांगणारी माणसं दोन. एक सांगतो इकडं जा, दुसरा सांगतो तिकडं. जो आधी बोलेल त्याचं ऐकून मशिन निघतं. आणि दुसऱ्याचं ऐकून गेलेलं मशिन एका बंद घरापाशी जाऊन उभं राहतं, कडी वाजवतं, आत कोणी नाही, मागं वाट नाही.

“काका, गंमत बघा,” हसरी मोबाइल पुढं करत म्हणाली. “शेजारच्यांनी वायफायला काय नाव ठेवलंय!”

यादीत मधोमध लिहिलं होतं, ‘दार लावून घ्या’.

तंद्र्याला आधी वाटलं, गल्ली अजून डोळ्यांपुढून गेलेली नाही. हे नाव शेजारच्यांनी ठेवलेलं नव्हतं. ते त्यानंच ठेवलं होतं, जुन्या घरातल्या राउटरला, आईला चिडवायला. कुणीही आत आलं की स्वयंपाकघरातून आईची आरोळी यायची, “दार लावून घ्या!” आई गेली, घर मोडलं, भांडी ताईनं नेली, पलंग यानं नेला. तो राउटर फेकायच्या ढिगात होता. आणि त्या घराच्या पत्त्यात तिसऱ्या जागी शून्य होतं.

तो वायरीमागं वायर धरत कपाटामागं गेला. आबांच्या खुर्चीखाली तो जुना राउटर मजेत दिवे मिचकावत होता. त्याच्या पाठीवर गुडघ्याच्या बामची बाटली. आणि चार भोकांपैकी एकात ऑफिसच्या भिंतीतून आलेली वायर.

“आबा,” तो कुजबुजला, “हे काय?”

“गरम राहतो चांगला,” आबाही कुजबुजले. “बाम पातळ राहतो.”

“अहो, पण वायर कशाला घातलीत?”

“लोंबकळत होती.” आबांना प्रश्नाचंच नवल वाटलं. “तार लोंबकळत ठेवायची नसते. रिकामी जागा दिसली, घातली. नोकरीत आयुष्यभर दुसरं काय केलं?” मग ताईच्या पाठीकडं बघून म्हणाले, “काही बिघडलं का रे?”

तंद्र्यानं खाली बसून लॅपटॉपवर जुन्या घरातल्या त्या राउटरचं पान उघडलं. पासवर्ड शेळीचं नाव. दार उघडलं. वायर उपटून टाकली असती तरी भागलं असतं, पण त्यानं उपटली नाही. पत्ते वाटायचं काम त्या राउटरकडून काढून घेतलं, त्याला ऑफिसच्या गल्लीतला कुणाचा नसलेला एक पत्ता दिला. आता तू आलेल्याला नुसतं पुढं पाठवायचं, म्हाताऱ्या. सल्ले द्यायचे नाहीत.

मुलींच्या मशिनांनी जुने पत्ते टाकले, नवे मागितले. पाच. पाच.

“आलं!” चष्मेवाली ओरडली. “जातंय! गेलं!”

ताईनं आराखडे गेलेले डोळ्यांनी पाहिले, मग उठून कपाटाकडं आली. आबांनी छताकडं बघायला सुरुवात केली.

“हे कुणी लावलं?”

“मी,” तंद्र्या म्हणाला. “या कोपऱ्यात सिग्नल कमी येतो म्हणून लावला. मग विसरलो.”

“विसरलास.”

“हो.”

तंद्र्या विसरला असं म्हटल्यावर जगात कुणी शंका घेत नसे. ताईनं राउटरकडं पाहिलं, बाटलीकडं पाहिलं, आबांच्या गुडघ्याकडं पाहिलं. मोबाइल काढून कुणाला तरी म्हणाली, “हां, उद्या यायची गरज नाही. झालं काम.” मग भावाकडं वळली.

“पुढच्या वेळी तुझ्या बामचं झाकण घट्ट लावत जा. वायरीवर सांडेल. आणि आबा, खुर्ची जरा पुढं घ्या, याला काम करू दे.”

आबांनी खुर्ची सरकवली. बाटली जागेवरच राहिली.

“आता बसू नकोस तंद्री लावून,” ताई टेबलाकडं जाता जाता म्हणाली. “प्रिंटरचा पत्ता पण बघ, कालपासून कागद सोडत नाही.”

तंद्र्यानं पकड खिशात घातली, लॅपटॉप काखेत मारला आणि प्रिंटरमागं शिरला.